पेटीवाल्याला ठाऊक होतं

प्रिय बाय,

लॅबमधली बारा वर्षांची नोकरी सोडल्याचं तू फोनवर सांगितलंस, तेव्हा मी कारण विचारलं नाही. आताही विचारत नाही. पण नंतर तू म्हणालीस, "काका, सगळ्यांना सांगून ठेवलंय, कुठूनच काही येत नाही." ते डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

सगळे म्हणजे कोण, ते जरा मोजून बघ. वेर्ण्याच्या त्याच कारखान्यातल्या मैत्रिणी, कंपनीच्या त्याच बसमधली माणसं आणि घरचे. तुझी काळजी त्यांच्याइतकी कुणालाच नाही, पण त्यांना ठाऊक आहे तेवढं तुलाही ठाऊक आहे.

हे मी पोळून शिकलो. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा मी खनिज तपासणीच्या लॅबमध्ये होतो, सोळा वर्षं. रोज संध्याकाळी आम्ही सहकारी फोंड्याच्या एका हॉटेलात भाजी-पाव खात एकमेकांना विचारायचो, कुठं काही आहे का? कुणाकडं काय असणार! सगळे एकाच होडीतले. चार महिने असेच गेले.

मग जत्रेच्या नाटकाची तालीम सुरू झाली. आमचा पेटीवाला वर्षातून पंधरा दिवस भेटायचा, बाकी वर्षभर राम राम सुद्धा नाही. सहज बोलता बोलता म्हटलं, लॅब बंद झाली. तो म्हणाला, "अरे, मी लॅबवाल्यांनाच काचसामान देतो. पाणी तपासणीची एक नवी लॅब निघतेय, तिथल्या साहेबाला भेट." दहा वर्षं एका रंगमंचावर काढली आणि हा माणूस दिवसा काय करतो हे मी कधी विचारलंच नव्हतं. याची लाज मला अजून वाटते.

पुढं कळलं की याचा रीतसर अभ्यास झालेला आहे. मार्क ग्रानोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं अमेरिकेत बॉस्टनजवळ नोकरी बदललेल्या माणसांना विचारलं होतं, वाट दाखवणारा किती वेळा भेटायचा? १९७३ मध्ये त्यानं जे छापलं त्यानुसार, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांना ती नेहमी भेटणाऱ्यांकडून कळली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटी लोकांवरचा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला, त्यातही मधल्या ओळखीच सरस ठरल्या: फार जवळच्या नाहीत, अगदी परक्याही नाहीत. म्हणून अनोळखी साहेबांना धडाधड रिक्वेस्ट पाठवत बसू नकोस.

तुझा पेटीवाला कोण? मला विचारशील तर नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी मशीनचा सर्व्हिस इंजिनिअर. आज वेर्णा, उद्या कुंडई, परवा पिळर्ण, असा तो सगळ्या लॅबमधून फिरतो. कुठं नवी मशीन बसतायत हे त्याला आधी कळतं, आणि मशीन आली की ती चालवायला माणूस लागतोच. मशीन बरोबर मोजतंय का ते तपासणारे कॅलिब्रेशनवाले, केमिकलचे सप्लायर तसेच. शिवाय तुझ्याआधी कंपनी सोडून गेलेले. तुझं काम त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, आणि आज ते दुसऱ्या छताखाली बसलेत. पाच वर्षं बोललो नाही, आता कुठल्या तोंडानं फोन करू, असं तुला वाटेल. कर. त्यांनी तरी कुठं केला होता?

फक्त 'नोकरी आहे का?' असं विचारू नकोस. समोरच्याच्या हातात नोकरी नसते. तो ओशाळतो, 'बघतो' म्हणतो आणि पुढं फोन उचलत नाही. माहिती विचार. 'मी बारा वर्षं स्टॅबिलिटीचं, माल किती काळ टिकतो ते तपासायचं काम केलं, आता बाहेर पडलेय. तुमच्याकडं हे काम कसं चालतं ते समजून घ्यायचंय, वीस मिनिटं मिळतील?' एवढं पुरे. माणसाला आपल्या कामाबद्दल बोलायला आवडतं. उठताना विचार, आणखी कुणाशी बोलू? आणि त्यानं सांगितलेल्या माणसाला भेटलीस की ज्यानं नाव सुचवलं त्याला ते कळव. हे बहुतेक जण विसरतात, मीही विसरलो होतो.

जुन्या कंपनीबद्दल वाईट बोलायचं नाही, तिथल्या एसओपी म्हणजे कामाच्या लेखी पद्धती नि बॅचची माहिती तर तोंडातून काढायचीच नाही. गोव्यात तिसरा माणूस ओळखीचा निघतो. दुपारी वेर्ण्यात बोललेलं रात्री मडगावात पोचतं.

पैशाचं म्हणशील तर पीएफ मोडू नकोस, यूएएन म्हणजे तुझा पीएफचा क्रमांक तोच राहतो, नव्या जागी खातं वळवता येतं. तुझी ग्रॅच्युइटी हक्काची आहे, ती मागून घे. दोन-चार महिने निभावले तर पहिल्याच ऑफरवर झडप घालावी लागणार नाही.

येत्या रविवारी फोंड्याला ये. काकू खतखतं करणार आहे. येताना कागदावर पंचवीस नावं लिहून आण, त्यात बसमधलं एकही नको. जेवणाआधी पहिले दोन फोन माझ्यासमोर करायचे.

तुझा,
काका