न्यूरेंबर्गहून न परतलेला गनर: नाव नको, विमान शोधा

म्हणजे लिंकनमधल्या तुमच्या शेजारच्या आजींचा थोरला भाऊ लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानात रिअर गनर, म्हणजे शेपटातला बंदूकवाला होता, ३० मार्च १९४४ च्या रात्री जर्मनीतल्या न्यूरेंबर्गवरच्या हल्ल्याला गेला तो गेलाच, आणि घरात उरलीय ती एक तार. तुम्ही महिनाभर नावाने शोधताय. नाव बाजूला ठेवा, विमान धरा. एका आडनावाचे ढीगभर सार्जंट निघतात, विमानाचा क्रमांक मात्र एकाचाच. शिवाय लँकेस्टरमध्ये सात जण असत. उरलेल्या सहांपैकी कुणाच्या तरी घरच्यांनी बरेचदा काहीतरी जपलेलं असतं.

सुरुवात तुमच्याच गावातल्या इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरच्या डेटाबेसपासून करा (बॉम्बर कमांड म्हणजे ब्रिटिश हवाई दलाचा बॉम्बफेकी विभाग). फुकट आहे. स्क्वाड्रन आणि विमान क्रमांक तिथेच मिळावा. तारखेला फसू नका: रात्र एकच, पण कुठे ३० लागते, कुठे ३१. मग लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमधली त्या स्क्वाड्रनची रोजनिशी, एअर २७ मालिका. तिच्यातल्या फॉर्म ५४१ वर विमानागणिक माणसांची नावं, उड्डाणाची वेळ, उतरल्याची वेळ. मी असं पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उतरल्याचा रकाना कोरा होता, आणि पुढे टाइप केलेली एकच ओळ: उड्डाणानंतर काही कळले नाही. वरखालच्या ओळींतल्या विमानांची मात्र हवामानासकट साग्रसंगीत हकीकत.

आजी विचारतीलच, झालं कसं? ७९५ विमानं निघाली, ९५ परतली नाहीत. बॉम्बर कमांडने अख्ख्या युद्धात एका रात्रीत इतकी विमानं कधी गमावली नव्हती. चांदणं होतं, विमानांमागे पांढरे पट्टे उमटत होते, त्यात मार्गाचा मोठा टप्पा नाकासमोर सरळ. जर्मन लढाऊ विमानांना वेगळं शोधायची गरजच पडली नाही. त्यांतल्या काहींच्या तोफा वर तोंड करून बसवलेल्या. ती पोटाखाली येत आणि खालून मारत. शेपटातल्या गनरला नेमकं तेवढंच दिसत नसे. ‘त्याचं लक्ष नव्हतं का?’ हा प्रश्न त्या घरात कधी उठला असेल, तर हे जरूर सांगा.

अमुक जर्मन वैमानिकाने पाडलं, असंही कुठेतरी छातीठोकपणे लिहिलेलं सापडेल. त्या रात्रीच्या गर्दीत असे दावे जुळवणं बरंचसं अंदाजपंचे. मी तरी आजींच्या कानावर घालणार नाही.

राहिली कबर. युद्धानंतर हवाई दलाच्या शोधपथकांनी खेड्यापाड्यांतली थडगी उकरून, ओळख पटवून, मृतांना मोठ्या युद्धस्मशानांत हलवलं. बव्हेरियातलं ड्युर्नबाख त्यातलंच, पण विमान वाटेत पडलं असेल तर बेल्जियमही बघावं लागेल. कबर नसलेल्यांची नावं इंग्लंडमधल्या रनीमीड स्मारकाच्या भिंतींवर आहेत, वीस हजारांहून जास्त. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर दोन्हींचा पत्ता लागतो.

कबर निघालीच तर शिळेच्या तळाशी पाहा. घरच्यांना आपल्या पसंतीची एक ओळ तिथे कोरून घेता येई. ती असली तर लगेच वाचून दाखवू नका. आधी आजींना विचारा, आठवतेय का. ती निवडली गेली तेव्हा त्या घरातच असतील.