आधी पाण्याची लाइन

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, ‘काका, नौदलात पाणबुडीवर जाण्यासाठी नाव देऊ का?’ मी ‘बघू’ म्हणालो, कारण पलीकडे तुझी आई ऐकत होती. आता निवांत लिहितो.

दे. पण पाणबुडीवाल्यांच्या छातीवरच्या डॉल्फिनच्या बिल्ल्यासाठी देणार असशील, तर आधी तो कसा मिळतो ते ऐक. विशाखापट्टणमला आयएनएस सातवाहनवर, म्हणजे पाणबुडीच्या प्रशिक्षण केंद्रात, वर्ग होतात, परीक्षा होतात. ते सोपं. खरं शिक्षण बोटीवर. (पाणबुडीला आपण बोट म्हणतो, हे घरच्यांना शेवटपर्यंत पटत नाही.) हवेची, पाण्याची, तेलाची, हायड्रॉलिकची एकेक लाइन हाताने चाचपत जायची आणि वहीत काढायची. कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे, उघडला तर काय होईल, नाही उघडला तर काय होईल. मग अंधारात विचारतात.

मी नव्या पट्ट्या मिरवत गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी एका व्हॉल्व्हकडे हात नेला, तर साताऱ्याकडच्या एका चीफने, म्हणजे जुन्या अनुभवी नाविकाने, मनगट धरलं. ‘साहेब, ह्यो कुठं जातोय ते आधी सांगा.’ मला सांगता येईना. पुढचे काही महिने मी त्याच्या मागे पोरासारखा फिरलो. वरच्या जहाजांवर अधिकाऱ्याचं अज्ञान झाकायला जागा पुष्कळ असते. खाली नसते. दर दहा मीटरला बाहेरचा दाब एका वातावरणाने वाढतो, आणि चूक कोणाची हे पाणी विचारत नाही.

बाकी त्रास सांगण्यासारखे आहेत, पण सवय होते. अंघोळ मोजून. कपड्यांना डिझेलचा वास, तो साबणानेही जात नाही. डिझेल-इलेक्ट्रिक बोट बॅटरी भरायला स्नॉर्केल, म्हणजे हवा ओढायची नळी, पाण्यावर काढते. एखादी लाट त्यावरून गेली की झडप मिटते, इंजिनं आतलीच हवा ओढतात आणि पन्नासेक माणसांच्या कानांत एकदम दडे बसतात. पहिल्यांदा झालं तेव्हा मी जेवत होतो. शेजारच्याने मान वर न करता आमटी वाढून घेतली.

आईची भीती मात्र उगाच नाही, तिला ‘काही होत नाही गं’ म्हणू नकोस. १४ ऑगस्ट २०१३ ला सिंधुरक्षक पाणबुडीवर स्फोट झाले, १८ जण गेले. खोल समुद्रात नव्हे, इथे मुंबईच्या गोदीत, धक्क्याला उभ्या बोटीवर. खोल पाण्यात अडकलेल्यांना काढणारं वाहन नौदलाकडे २०१८ मध्ये आलं, हेही सांग. दोन्ही सांग.

तुझा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला: बोटींनंतर लांबच्या तळावर पाठवलं तर बाजूला पडल्यासारखं होतं का? काही मित्र तसं म्हणतात. अमेरिकेसारखे परक्या देशांत पसरलेले तळ आपले नाहीत. आपला समुद्रापलीकडचा तळ म्हणजे बेटांवरचा. ग्रेट निकोबारला कॅम्पबेल बेचा आयएनएस बाज २०१२ मध्ये सुरू झाला, लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयचा जटायू २०२४ मध्ये. ग्रेट निकोबारच्या टोकापासून सुमात्रा दोनेकशे किलोमीटर. पण तिथे माजी सैनिकांची कुटुंबं १९६९ पासून वसवली, त्यांत मराठीही आहेत, म्हणजे भाकरी मिळेल.

माझ्या वाट्याला आलेलं बेट कुठलं ते राहू दे. मी बोटीवरच्यासारखंच केलं: पहिल्या आठवड्यात वही घेऊन जनरेटर, डिझेलच्या टाक्या, जेटी आणि पाण्याची लाइन पायी फिरून काढली. स्वतःवर खूश झालो. मग पाणी कमी पडू लागलं. मी दोन वेळचं एक वेळ केलं. बोटीवर असा हुकूम निघाला की कोणी हूं की चूं करत नाही. तिथे एका नाविकाची बायको कडेवर पोर घेऊन ऑफिसात आली. ‘साहेब, शाळेमागची टाकी रात्रभर वाहते. तुम्ही बघायला दिवसा आला होता.’

पंप रात्री चालायचा. वही अर्धीच होती.

तळावर निवडून घेतलेली पन्नास माणसं नसतात. पोरं, शिक्षिका, कंत्राटी मजूर असतात. निकोबारी गावाच्या प्रमुखालाही कॅप्टनच म्हणतात. त्याच्यापुढे तुझ्या खांद्यावरच्या पट्ट्यांचं काही चालत नाही, शहाळं घ्यायचं आणि ऐकायचं. आणि रसदीचं जहाज पावसाळ्यात उशिरा आलं की कांद्यावरून जे होतं, ते कुठल्याच पुस्तकात नाही. १६७९ मध्ये महाराजांनी मुंबईजवळच्या बेटावर खांदेरी बांधायला घेतली, इंग्रजांची मोठी जहाजं आडवी उभी राहिली, तरी मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्रीच्या निसटून बेटावर सामान पोचवत राहिल्या. त्या नावाची नवी पाणबुडी माझगाव डॉकने बांधली, २०१९ मध्ये ती दाखलही झाली. शाळेत मला त्या लढाईच्या तोफा शिकवल्या. होड्यांत काय भरलं होतं हे विचारायचं मला त्या बेटावर जाईपर्यंत सुचलं नाही.

हे पत्र आईला वाचायला दे, मधलं पान काढून नको.

रविवारी दादरला ये. चौकटींची वही आण. आमच्या इमारतीची पाण्याची लाइन काढून दाखव. गच्चीची किल्ली वॉचमनकडे असते. पंप पहाटे साडेचारला सुरू होतो, तेव्हा शनिवारी रात्रीच आलास तर बरं.

तुझा,
काका