दफ्तर उघडण्याआधी

(वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या ताई तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून निवृत्त झाल्या आहेत. जुने कागद आणि घराण्याची माहिती यांविषयीचे प्रश्न त्यांच्याकडे पाठवता येतील.)

प्रश्न : ताई, पुराच्या वेळी आमची माळ्यावरची ट्रंक वाचली, पण नंतर छप्पर गळून आतलं लाल फडकं भिजलं. त्यात पणजोबांच्या वेळचे मोडी कागद आहेत. काही एकमेकांना चिकटलेत, काहींवर काळे ठिपके आलेत. भाचा म्हणतो, सगळे लॅमिनेट करून टाकू, म्हणजे कायमची काळजी मिटेल. करू का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नको. भाच्याला चहा द्या आणि मशीनवाल्याकडे जाऊ देऊ नका. लॅमिनेशनमध्ये प्लॅस्टिक गरम करून कागदाला कायमचं चिकटवतात. कागदातली ओल आतच राहते आणि पुढे कधी कागद सोडवायचा म्हटलं तर सोडवता येत नाही. जुना कागद हाताळताना माझी एकच कसोटी असते : आज केलेलं उद्या उलटवता येईल का? येणार नसेल तर करायचं नाही. चिकटपट्टीही याच कारणासाठी वर्ज्य. चार-पाच वर्षांत पट्टी गळून पडते आणि तिचा पिवळा डिंक अक्षरांवर कायमचा राहतो.

आता काय करायचं ते सांगते. आधी ते लाल फडकं काढा. दफ्तराला लाल खारवा बांधायची आपली जुनी पद्धत आहे, पण भिजला की त्याचा रंग कागदाला लागतो. त्याऐवजी मांजरपाट दोन-तीनदा धुऊन, खळ काढून, वाळवून घ्या. फडकं सोडताना प्रत्येक टप्प्यावर फोनवर फोटो काढा. कुठला कागद कशावर होता, कशात गुंडाळला होता, हे नंतर कुणीही सांगू शकत नाही. पणजोबांनी कर्जरोखा आणि त्याची फेड झाल्याची पावती एकत्र घडी करून ठेवली असेल, तर ती घडीच पुरावा आहे. तुम्ही हौसेनं 'पत्रं वेगळी, रोखे वेगळे' अशी वर्गवारी केलीत की तो गेला. कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं बारीक क्रमांक घाला. पेन वापरू नका.

ओले कागद उन्हात घालू नका, ते आक्रसून वाकडे होतात. घरात सावलीत, पंखा भिंतीकडे तोंड करून लावा आणि कागदांखाली टिपकागद किंवा कोरा न्यूजप्रिंट पसरा. छापलेलं वर्तमानपत्र नको, त्याची शाई उमटते. चिकटलेले कागद ओढू नका. वाळल्यावर काही आपोआप सुटतील. जे सुटणार नाहीत ते तसेच ठेवून जाणत्या माणसाकडे न्या. जुनी मोडी पत्रं काजळीच्या शाईची असतात. ती उजेडानं फिकी पडत नाही, पण कागदाच्या वर बसलेली असते, त्यामुळे ओल्या बोटानं पुसली जाते. जांभळी शाई किंवा कॉपिंग पेन्सिल असेल तर आणखी जपा, तिला पाण्याचा थेंबही पुरतो. काळे ठिपके म्हणजे बुरशी. ओली असताना तिला हात लावू नका. पूर्ण वाळली की गच्चीत किंवा ओटीवर, नाकाला मास्क लावून, मऊ ब्रशनं हलके झाडा. दम्याच्या माणसानं हे काम करू नये.

बाइंडरकडेही देऊ नका. माणूस भला असतो, पण कडा सारख्या करायला कात्री लावतो, आणि समासात कुणीतरी केलेली टीप तिथेच असते. लांब कागद जोडून केलेला असेल तर मागच्या बाजूला जोडावर शिक्का असू शकतो. पत्राच्या शेवटी 'मोर्तब सूद' हा समाप्तीचा शिक्का दिसला तर तोही भाग जपायचा. शिवाय बाइंडर खळीत मोरचूद घालतात, ते कागदाला बरं नाही.

नंतर ट्रंक माळ्यावर नको, बाहेरच्या भिंतीला टेकूनही नको. मधल्या खोलीत, जमिनीपासून हातभर उंच, लाकडी कपाटात ठेवा. वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात, कागदाला न टेकवता. डांबरगोळ्यांनी कसर जाते म्हणतात, पण त्यांचा वास घरच्यांनाच जास्त बाधतो. कोकणातला पावसाळा संपला की मार्गशीर्ष-पौषातल्या एखाद्या कोरड्या दुपारी दफ्तर उघडून वारा द्यायचा, दरवर्षी.

प्रश्न : आमच्या गावच्या जुन्या कोतवाल बुकात मला खापरपणजोबांच्या मृत्यूची नोंद सापडली. रजिस्टर पूर्वी काम केलेल्या एका माणसाच्या घरी पडून आहे. पानं हात लावला की तुटतात. माझं पान तेवढं काढून फ्रेम करून ठेवावं म्हणतो, निदान ते तरी वाचेल. शिवाय दाखल्यासाठीही उपयोगी पडेल.
— एक तरुण वाचक, बार्शी तालुका

उत्तर : बाळा, हे पान तुझं नाही. रागावू नकोस. खापरपणजोबा तुझे, पान गावाचं. सरकारी अभिलेखातलं पान काढणं हा गुन्हा आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की सुटं पान कुणी मानत नाही. दाखल्याला लागते ती सक्षम अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याची खरी नक्कल. नक्कल देणारा मूळ रजिस्टर, त्याचा पान क्रमांक आणि आधीच्या-नंतरच्या नोंदी पाहतो. तू पान काढलंस की स्वतःचाच पुरावा मोडलास, आणि त्याच पानाच्या मागच्या बाजूला असलेल्या पाच-सहा घरांचाही.

कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना नंबर 14, गावातल्या जन्ममृत्यूंची नोंदवही. 1969 चा जन्ममृत्यू नोंदणी कायदा येण्याआधीच्या खेड्यातल्या माणसासाठी याहून जवळचा कागद क्वचितच मिळतो. ज्याच्याकडे जमीन नव्हती तो सातबाऱ्यावर नाही. जो शाळेत गेला नाही तो शाळेच्या जनरल रजिस्टरात नाही. पण मेला तर इथे त्याची नोंद होते. बायका आणि दोन-चार दिवसांची पोरं दुसऱ्या सरकारी कागदात सहसा भेटत नाहीत, तीही इथे भेटतात. मृत्यूचं कारण लिहिलेलं असतं : ताप, पटकी, देवी, प्लेग. 1918 च्या पावसाळ्यानंतरची पानं उघडून बघ. इन्फ्लुएंझाच्या साथीत नोंदी कशा दाटीनं येतात आणि एकाच घरातले लोक आठवड्याभरात कसे जातात, ते दिसेल. त्यात तुझे कुणी नसले तरी वाच.

2023 मध्ये मराठा समाजाच्या जुन्या 'कुणबी' नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर जुन्या दफ्तरांचे गठ्ठे सोडले गेले आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. पुष्कळ जिल्ह्यांत नोंदींच्या प्रती संकेतस्थळांवर चढल्या. चांगलं झालं. पण शोध एका शब्दाचा असला की बाकीचं पान कुणी पाहत नाही. ज्याला हवा तो शब्द मिळाला तो रजिस्टर तिथेच उघडं टाकून निघतो. नोकरीत असताना मी हे पाहिलंय. घाईत बोटाला थुंकी लावून पानं उलटणारे सुशिक्षित लोकही पाहिलेत.

तर तुझं काम असं. ज्यांच्या घरी रजिस्टर आहे त्यांना चोर ठरवू नकोस. त्यांनी आजवर ते रद्दीत घातलं नाही, हे उपकार समज. त्यांच्या ओटीवर, उजेडाच्या बाजूला, टेबलावर स्वच्छ कापड घालून पूर्ण रजिस्टरचे फोटो काढ. पुठ्ठ्यापासून सुरुवात, मग प्रत्येक पान, कोरं असलं तरी. फ्लॅश बंद, फोन पानाच्या बरोबर वर, चारी कडा फोटोत यायला हव्यात. रजिस्टर पूर्ण उताणं करू नकोस, शिवण तुटते. दोन्ही बाजूंना घडी केलेले टॉवेल ठेवून अर्धंच उघड. तुटलेला तुकडा ज्या पानाचा, त्याच पानात कोऱ्या कागदाच्या पाकिटात ठेव. फोटोंना गावाचं नाव, रजिस्टरचं वर्ष आणि पान क्रमांक अशी नावं दे. एक प्रत स्वतःकडे, एक घरमालकाकडे, एक गावच्या वाचनालयाकडे.

आणि मग मूळ रजिस्टर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जमा करायला त्यांना तयार कर. पोच घ्यायला विसरू नका. वर्ष, पानांची संख्या आणि फाटलेली पानं पोचेत लिहून घ्या. 'रेकॉर्ड सापडत नाही' हे उत्तर मिळालं तर ती पोच कामाला येते. जुने कागद नष्ट करायच्या यादीत रजिस्टर जाईल अशी भीती वाटत असेल तर एवढं माहीत असू दे : आपल्याकडे अभिलेखांचे वर्ग असतात, 'अ' कायमचा, 'ब' तीस वर्षांचा, पुढचे कमी मुदतीचे. एखादं रजिस्टर कुठल्या वर्गात आहे ते विचारण्याचा तुला हक्क आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 चा आहे आणि माहितीचा अधिकारही त्याच वर्षीचा. अर्जात दोन्ही उल्लेख आले की कारकून जरा सरळ बसतो.

खापरपणजोबांची जमीन असेल तर फेरफार, म्हणजे गाव नमुना 6, काढ. 'मयत अमुक यास वारस' अशी नोंद आली की मुलं, विधवा, कधी अज्ञान मुलाचा पालनकर्ता, सगळे एका ओळीत सापडतात. गट नंबरवरून मागे जाताना अडशील, कारण जमिनीच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणात गट पडले आणि त्याआधी सर्व्हे नंबर होते. जुना सर्व्हे नंबर कुठल्या गटात गेला ते दाखवणारा उतारा भूमी अभिलेख कार्यालयात माग.

प्रश्न : घरच्या एका कागदावर 'सन सलास सितैन मया व अलफ' असं आहे, असं मोडी वाचणाऱ्या गृहस्थांनी सांगितलं. हे कुठलं वर्ष?
— वाचक, सातारा

उत्तर : सलास तीन, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. एकूण 1163. हा सुहूर सन, याला अरबी सनही म्हणतात. तो मृगापासून सुरू होतो. त्यात 599 मिळवले की वर्षाची सुरुवात मिळते, म्हणजे तुमचा कागद जून 1762 ते जून 1763 यामधला, पानिपतानंतरचा. 'छ' लिहून पुढे चांद्र तारीख आणि मुसलमानी महिना असेल तर छापील जंत्रीवरून दिवसही काढता येईल. कागद फसली, म्हणजे महसुली, सनाचा असेल तर मात्र 590 मिळवायचे आणि शक असेल तर 78. तिन्ही सन एकाच दफ्तरात आढळतात, म्हणून वंशावळीत वर्ष लिहिताना मूळ सन जसाच्या तसा लिहा आणि इसवी सन त्याच्याखाली.

प्रश्न : नाशिकच्या उपाध्यायांच्या वहीत आमच्या सहा पिढ्या निघाल्या! पूर्ण वही स्कॅन करून आडनावाच्या ग्रुपवर टाकायची आमची इच्छा आहे. गुरुजी नाही म्हणतात. कसं पटवावं?
— वाचक, नागपूर

उत्तर : पटवू नका, ते बरोबर सांगताहेत. ती वही त्यांच्या घराण्याची मिळकत आहे, आणि तुमच्या पानाच्या शेजारी दुसऱ्या कुणाच्या घरातला दत्तकविधान, दुसरं लग्न, निपुत्रिक गेलेला भाऊ असं बरंच काही असतं. ते त्या लोकांनी तीर्थाच्या ठिकाणी सांगितलं होतं, ग्रुपसाठी नव्हे. तुमच्या घराण्याच्या पानाचा फोटो मागा, दक्षिणा नीट द्या.

सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडे घरोघर फिरून वंशावळ सांगणारे हेळवी येतात, त्यांच्याशीही हाच व्यवहार. शेजारी ऐकत बसलेला असताना फोनवर रेकॉर्ड करायचं तर आधी विचारा, आणि धान्य-पैसे देताना घासाघीस करू नका. त्यांची पुढची पिढी हे काम करणार की नाही, हे त्यावरही ठरतं.

वहीत स्वतःची नोंद करून आलात का? पत्रात तसं दिसत नाही. पुढच्या वेळी मूळ गाव, सध्याचं गाव, सगळ्या भावंडांची नावं स्वच्छ अक्षरात लिहून सही करा. बहिणी आणि सुनाही लिहा, सुनांची माहेरची नावंगावं धरून. सहा पिढ्यांच्या नोंदीत बायका किती आहेत ते आता जाऊन मोजा.

प्रश्न : मॉरिशसहून एक मराठी कुटुंब आमच्या गावी पूर्वजांचा शोध घेत आलं. त्यांच्याकडे एक क्रमांक आणि 'रत्नागिरी' एवढंच आहे. आमच्या गावात त्या नावाचं कुणी नाही. मदत कशी करावी?
— वाचक, राजापूर

उत्तर : तो क्रमांक सोन्यासारखा आहे. 1834 पासून करारावर गेलेल्या मजुरांना मॉरिशसला उतरल्यावर क्रमांक मिळे. ती रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव असे रकाने त्यांत असतात आणि 1860 नंतरच्या काहींचे फोटोही. त्यांनी पाहिला तो उतारा अर्धवट असेल, तर पूर्ण नोंदीची प्रत मागवायला सांगा.

गावाचं नाव परक्या कारकुनानं कानानं ऐकून लिहिलेलं असणार, म्हणून ते मोठ्यानं वाचून बघा. आणि शोध राजापुरातच अडकवू नका. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 मध्ये वेगळा झाला, त्याआधी मालवण-वेंगुर्लेही रत्नागिरीतच धरत. गावाचा अंदाज आला की खोतांच्या घरी जुनी बोटखतं आहेत का विचारा, त्यांत कुळांची नावं असतात. देऊळ असेल तर मानकऱ्यांचा क्रम आणि पालखीचे मान कुणाकडून कुणाकडे गेले, हे म्हाताऱ्यांना विचारून लिहून घ्या. एखाद्या घराचा मान मध्येच दुसरीकडे गेलेला असेल तर त्या घराचं काय झालं, हा पुढचा प्रश्न. बोटखतं निघाली तर ट्रंकेतून काढण्याआधी चिपळूणच्या वाचकांना दिलेलं उत्तर त्या खोतांना वाचून दाखवा.