मंदिरांच्या सरकारीकरणावरचं ‘जनमत’ एक्सवरून मोजायचंय? मग हे वाचा

तुमचा प्रश्न असा, की मंदिरं सरकारच्या ताब्यात असावीत का, याबद्दल मराठी माणसाचं मत एमएच्या प्रबंधासाठी एक्सवरच्या (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवरच्या) पोस्ट गोळा करून टक्क्यांत मांडता येईल का. टक्क्यांत नाही येणार. पण विषय सोडू नका, फार मोलाचा आहे.

मुळात तिथे बोलतंय कोण, ते बघा. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या पाहणी-संस्थेने २०१९ मध्ये अमेरिकेतले ट्विटर वापरणारे प्रौढ तपासले, तेव्हा ८० टक्के ट्विट फक्त १० टक्के लोकांचे निघाले. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. पंढरपूरच्या दर्शनबारीत तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या बायाबापड्या तुमच्या आकड्यांत जवळपास नसतीलच. सरकारी मंदिर समितीचा कारभार बरा की बडव्यांचा, म्हणजे तिथल्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांचा, हे त्यांना जाऊनच विचारावं लागेल.

भाषेचंही तसंच. ‘झेडपीचा कारभार रामभरोसे’ ही सरकारवरची टीका, पण शब्द शोधून मोजणारा प्रोग्राम ती धार्मिक पोस्टांत टाकतो. पुण्याच्या एल३क्यूब या भाषा-संशोधन गटाचा महासेंट हा, सूर सकारात्मक की नकारात्मक याच्या खुणा केलेल्या सुमारे १६ हजार मराठी ट्विटांचा संच उपयोगी आहे, मात्र ती ट्विट मान्यवरांच्या खात्यांवरची आहेत. टोमणे आणि रोमन लिपीतली मराठी त्यावर तयार झालेल्या मॉडेलला कितपत झेपतील, याची मला शंका आहे. त्यापेक्षा चारपाचशे पोस्ट दोघांनी वेगवेगळ्या वाचून प्रत्येकीचा कल काय याच्या खुणा करा आणि जिथे तुमचं दोघांचं एकमत होत नाही त्या पोस्ट नीट बघा. खरा अभ्यास तिथेच आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धर्माबद्दलचं मत एकपदरी नसतं. प्यूने भारतात सुमारे ३० हजार लोकांना १७ भाषांत समोरासमोर विचारलं. अहवाल २०२१ चा. खरा भारतीय असण्यासाठी सर्व धर्मांचा आदर अत्यंत महत्त्वाचा, असं ८४ टक्के म्हणाले. त्याच पाहणीत मुसलमान शेजारी नको म्हणणारे हिंदू ३६ टक्के. अनेकांच्या मनात दोन्ही एकत्र नांदतात; पोस्टमध्ये त्यातलं एकच उतरतं, आणि तेही बहुधा चिडल्यावर.

म्हणून प्रश्न बदला. कोणत्या घटनेनंतर कोणता मुद्दा पुढे आला, हे एक्सवरून छान कळतं. पंढरपूरचं मंदिर सरकारी समितीकडे देणारा कायदा १९७३ चा, पण बडवे-उत्पातांचे हक्क संपले ते सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१४ च्या निकालाने. त्या निकालानंतरच्या पोस्ट घ्या. एकाच तासात शब्दशः सारखा आलेला मजकूर वेगळा काढा, तो बहुधा ठरवून चालवलेला ट्रेंड असतो. उरलेल्यांत पैशाचा हिशेब, पुजाऱ्यांचे हक्क, ‘फक्त हिंदूंचीच मंदिरं का’ असे मुद्दे वेगळे करा. जोडीला पन्नासेक प्रत्यक्ष मुलाखती घ्या.

आणि प्रबंधात कुणाची पोस्ट जशीच्या तशी छापू नका. नाव काढलं तरी ते वाक्य शोधलं की माणूस सापडतो, आणि धर्मावरचं मत कुणाला गावात किंवा नोकरीत महाग पडू शकतं. आशय तुमच्या शब्दांत लिहा, आणि तसं का केलं ते पद्धतीच्या प्रकरणात सांगा.