चड्डीचे इलॅस्टिक मागवताना पुरवठादाराला नेमके काय लिहून द्यावे?

ताई, आपला प्रश्न दोनदा वाचला. डिचोलीतील आपला बचत गट बायकांच्या सुती चड्ड्या शिवतो, माल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात व ओळखीच्या दुकानांत जातो, आणि गिऱ्हाइकांकडून एकाच इलॅस्टिकबद्दल दोन तक्रारी येतात. नवी चड्डी कमरेवर आणि मांडीवर वळ उठवते, आणि तीच चड्डी दोन-अडीच महिन्यांत सैल पडते. तिरुप्पूरच्या पुरवठादाराने आता स्पेसिफिकेशन मागितले आहे आणि आजवर आपण "१५ मिलिमीटर, पांढरे, मऊ" एवढेच सांगत आला आहात. मी आधी अरुंद पट्ट्या विणणाऱ्या मागांवर आणि नंतर गोव्यातच एका तयार कपड्यांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासनीस म्हणून बरीच वर्षे काढली आहेत, त्या आधारावर लिहितो.

आपण दिलेल्या तीन शब्दांत इलॅस्टिकचे मुख्य कामच आलेले नाही. पट्टी अंगावर असताना जितकी ताणलेली असते, तितक्या ताणावर ती किती ग्रॅम जोराने आवळते, हा आकडा आधी ठरवावा लागतो. रुंदी, वीण आणि धागा त्यामागून येतात. "मऊ" या शब्दातून विणणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण हाताला मऊ लागणारी पट्टीही कमरेला करकचून आवळू शकते.

हा आकडा काढायला शरीराची मापे लागतात. आपल्या मधल्या साइझसाठी कमर ८४ सेंटिमीटर आणि नितंबांचा घेर १०० सेंटिमीटर धरू, आणि शिवून झालेल्या चड्डीची कमर न ताणता ६६ सेंटिमीटर ठेवू. म्हणजे अंगावर बसल्यावर पट्टी सुमारे २७ टक्के ताणलेली राहते, पण चढवताना नितंबांवरून जाण्यासाठी तिला सुमारे ५२ टक्के ताणावे लागते. पट्टी आधी ५२ टक्क्यांपर्यंत जाते, मग आकसून २७ वर येते आणि दिवसभर तिथे राहते. रबर असो वा स्पॅन्डेक्स (रबरासारखा ताणणारा कृत्रिम धागा), जाताना २७ टक्क्यांवर जो जोर दिसतो तो परतताना त्याच २७ टक्क्यांवर दिसत नाही. कमी भरतो, कारण ताणताना दिलेल्या ऊर्जेचा काही भाग धाग्यात उष्णता होऊन निघून जातो. पुरवठादार दुकानात पट्टी दोन बोटांत धरून ताणून दाखवतो तेव्हा आपल्याला जातानाचा जोर दिसतो. गिऱ्हाईक घालते तो परतीचा. कागदावर आकडा लिहायचा तो परतीचाच.

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मी घरी प्रवासी बॅगा तोलायचा आकडे दाखवणारा हुकाचा काटा वापरतो. मासळीवाल्यांचा स्प्रिंगचा काटा फार ढोबळ पडतो, तो घेऊ नये. टेबलाला स्टीलची पट्टी चिकटवावी, इलॅस्टिकचे एक टोक सुताराच्या शिकंज्यात घट्ट धरावे, पेनाने बरोबर १० सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा कराव्यात आणि दुसरे टोक काट्याच्या हुकात अडकवावे. खुणांमधले अंतर १५.२ होईपर्यंत ओढावे, सावकाश १२.७ वर आणावे, पुन्हा सोडून द्यावे. असे तीन वेळा करावे आणि तिसऱ्या परतीला १२.७ वर काटा काय दाखवतो ते लिहून घ्यावे. पहिल्या फेरीचा आकडा नेहमी जास्त येतो, तो सोडून द्यावा. मोठे खरेदीदार हेच काम यंत्रावर करून घेतात आणि त्यासाठी अमेरिकेतील एएसटीएम डी ४९६४ किंवा युरोपातील ईएन १४७०४ या पद्धतींचा उल्लेख करतात. पुरवठादाराकडे यंत्र असेल तर त्याला या नावांनी विचारावे.

आता किती ग्रॅम मागायचे? इथे रुंदी येते. गोल अंगावरच्या पट्टीचा त्वचेवरचा दाब म्हणजे तिचा आवळण्याचा जोर भागिले त्रिज्या आणि रुंदी यांचा गुणाकार; हा लाप्लासचा नियम. ८४ सेंटिमीटर घेराची त्रिज्या सुमारे १३.४ सेंटिमीटर येते. त्या कमरेवर ३० मिलिमीटर रुंद पट्टी ३०० ग्रॅम जोराने आवळत असेल, तर दाब साधारण साडेपाच मिलिमीटर पारा (रक्तदाब मोजतात तेच एकक) इतका होतो. तोच जोर १५ मिलिमीटरच्या पट्टीत असेल तर तो सरळ दुप्पट, म्हणजे ११ होतो. मांडीचे पाहा. ५४ सेंटिमीटर घेरावर ८ मिलिमीटरची पट्टी त्याच ३०० ग्रॅमने आवळू लागली, तर दाब ३२ च्या आसपास जातो. जर्मन मानकात पहिल्या वर्गाच्या वैद्यकीय मोज्याचा घोट्यावरचा दाब १८ ते २१ ठरवलेला आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे मांडीवरच्या वळांचे नवल वाटायला नको. मांडीला ७० ग्रॅम पुरेत. दाब साडेसातवर येतो. मी स्वतः रोजच्या चड्डीसाठी ५ ते ८ च्या मधला दाब धरून हिशेब करतो. शिवाय कमर काही वाटोळी नसते. बाजूच्या हाडावर वळण तीव्र, म्हणजे त्रिज्या लहान आणि दाब जास्त. म्हणूनच वळ बहुधा हाडावर आधी उठतात आणि पोटावर नंतर. कमर व मांडी यांसाठी एकच रोल वापरण्याची आपली पद्धत मात्र लगेच बंद करावी.

आपण लिहिले आहे की पट्टी ओढली की अरुंद होते. हे वाचताच उलगडा झाला. ते गोफासारखे गुंफलेले, म्हणजे ब्रेडेड इलॅस्टिक आहे. ते नेफ्यात घालण्यासाठी असते, कापडावर थेट शिवण्यासाठी नव्हे. अंगावर १५ ची पट्टी १२ मिलिमीटर झाली की दाब ११ वरून पावणेचौदाच्या जवळ जातो, आणि वरून सुईने त्यातले रबर जागोजागी तुटते. आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ इथे आहे. थेट शिवायचे असेल तर सुईमागावर विणलेली किंवा क्रोशे यंत्रावर गुंफलेली पट्टी घ्यावी. या दोन्ही ताणल्यावर रुंदीत फारशा आकसत नाहीत. मांडीसाठी क्रोशेची पट्टी हलकी, पातळ आणि स्वस्त पडते. कमरेला मी विणलेली पट्टी पसंत करतो. बसल्यावर कमरेची पट्टी दुमडून दोरी होत असेल, तर बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत, कडक एकतंतू धागा घातलेली न दुमडणारी पट्टी मिळते, पण ती नाजूक त्वचेला बोचते; रोजच्या चड्डीला मी ती सुचवणार नाही.

विणलेल्या पट्टीचा १० सेंटिमीटरचा तुकडा कापून ताण्यातले, म्हणजे लांबीच्या दिशेचे, धागे एक-एक करून उसवून पाहावेत. पुरवठादाराच्या गप्पांपेक्षा त्यातून अधिक कळते. माझ्या टेबलावर सध्या असलेल्या तुकड्यातून रबराचा धागा बाहेर काढताच तो साडेसहा सेंटिमीटरांवर आला, आणि त्याच तुकड्यातला पॉलिएस्टरचा नागमोडी धागा नखाखालून ओढून सरळ केला तेव्हा २० सेंटिमीटर भरला. म्हणजे पट्टी निवांत पडलेली असतानाही आतले रबर ताणलेलेच असते, आणि पट्टी किती ताणता येईल हे रबर नव्हे तर पॉलिएस्टर ठरवते. तो पूर्ण सरळ झाला की पट्टी अडते. या तुकड्यात ते १०० टक्क्यांवर होते. विणताना रबर किती ओढून घातले आणि एका सेंटिमीटरमध्ये बाण्याचे किती फेरे मारले, यावर हे सारे अवलंबून असते. बाणा दाट असेल तर पट्टी कमी आकसते आणि कमी ताणली जाते. आपल्याला ५२ टक्के हवेत. शिवणीत पाचवा ते चौथा हिस्सा ताण मरतो असा माझा अनुभव आहे, म्हणून ९० ते ११० टक्के ताणली जाणारी पट्टी पुरते. "आमची १६० टक्के ताणते" हा गुण समजून जादा पैसे देऊ नयेत. ज्या पट्टीला वेळेवर लगाम नाही, तिचे रबर घालणाऱ्याच्या हातून गरजेपेक्षा जास्त ओढले जाते आणि लवकर थकते.

धागा कोणता, यावर मतभेद आहेत. नैसर्गिक रबराचा धागा परतताना जोर कमी गमावतो, चांगला उसळतो आणि स्वस्त असतो. पण ऊन, हवेतला ओझोन, तेल आणि तांबे-मँगनीजचे अंश यांनी तो खराब होतो. आपल्याकडे अंगाला खोबरेल तेल लावण्याची सवय आहे, कपडे बाहेर कडक उन्हात वाळतात आणि पावसाळ्यात घरात दोन-दोन दिवस ओलसर राहतात. शिवाय रबरात प्रक्रियेची काही रसायने उरलेली असतात. पांढरे कपडे क्लोरीनच्या ब्लीचमध्ये भिजवले की त्यांच्यापासून त्वचेला खाज आणणारे पदार्थ तयार होऊ शकतात, आणि रबराच्या प्रथिनांची ॲलर्जी काहींना मुळातच असते. ड्यूपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ साली तयार केलेला स्पॅन्डेक्स तेल, घाम आणि ऊन यांना अधिक टिकतो व बारीक काढता येतो. परतीला तो थोडा ढिला पडतो आणि क्लोरीन त्यालाही सोसत नाही. गोव्यातल्या बायकांच्या रोजच्या वापरासाठी मी दुहेरी आवरणाचा स्पॅन्डेक्स घेईन. दुहेरी अशासाठी, की स्पॅन्डेक्सभोवती दुसऱ्या धाग्याची दोन आवरणे उलटसुलट दिशांनी गुंडाळलेली असतात, एकमेकींचा पीळ मारतात आणि पट्टी वळत नाही. क्रमांकांबाबत एक गफलत नेहमी होते. रबराचा काउंट म्हणजे शेजारी-शेजारी ठेवल्यास एक इंच भरतील इतके धागे, त्यामुळे काउंट वाढला की धागा बारीक होतो. स्पॅन्डेक्सचा डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन, तिथे आकडा वाढला की धागा जाड. दोन पुरवठादारांचे कोटेशन शेजारी ठेवून तुलना करताना याचे भान ठेवावे.

त्वचेला लागणारी बाजू नायलॉनची असावी. पॉलिएस्टर ओलावा जेमतेम ०.४ टक्के धरतो, नायलॉन सुमारे ४ टक्के. दमट हवेत हा फरक अंगाला कळतो. दर थोडा चढेल.

एक चूक माझीच आहे. एकदा माल उशिरा आला, गाडीतून उतरवलेले घट्ट गुंडाळलेले रोल मी त्याच संध्याकाळी कापायला दिले आणि रात्रपाळीत बाराशे नग शिवून घेतले. रोलमध्ये पट्टी ताणलेली असते. कापल्यावर तुकडे टेबलावर आकसत राहिले, ते मशीनवर कोणाच्या लक्षात आले नाही, आणि पहिल्या धुण्यानंतर ६६ च्या कमरा ६३ वर आल्या. तो सगळा माल एक साइझ खाली विकावा लागला. तेव्हापासून पट्टी रोलमध्ये न घेता खोक्यात सैल घड्यांनी रचलेली मागवावी आणि खोके उघडून कापण्यापूर्वी किमान २४ तास निवांत ठेवावे, हा माझा नियम आहे. पत्र्याच्या शेडमध्ये खोकी ठेवू नयेत. मार्चमध्ये ठेवलेले रबराचे इलॅस्टिक जूनमध्ये ताणताच आत कटकट तुटल्याचे मी ऐकले आहे.

शिवताना गोल टोकाची सुई लावावी, ती रबराला भोसकण्याऐवजी बाजूला सारते. शिवण झाल्यावर कमर पूर्ण ताणून उजेडात धरावी. टिपेजवळ पांढऱ्या मिशा बाहेर आल्या असतील तर सुई रबर तोडते आहे, आणि तुटलेले टोक आत सरकून तेवढा भाग लाटेसारखा ढिला पडणार आहे. टिपेच्या प्रत्येक ओळीने पट्टी थोडी लांबते, म्हणून ६६ हे माप शिवून झाल्यावरचे. कापायचे माप पाच नग शिवून, मोजून ठरवावे.

आता पुरवठादाराला पाठवायचा मजकूर देतो. कमरेसाठी सुईमागावर विणलेली, ३० मिलिमीटर रुंद, एका मिलिमीटरच्या कमी-जास्तीची मुभा असलेली, दुहेरी आवरणाच्या स्पॅन्डेक्सची, आतून नायलॉनची पट्टी. काठ न उसवणारा, म्हणजे सुईच्या बाजूला अडकवणीचा धागा घातलेला. पूर्ण ताण ९० ते ११० टक्के. ५२ टक्क्यांपर्यंत तीनदा ताणून परतताना २७ टक्क्यांवर ३०० ग्रॅम, तीस ग्रॅम इकडेतिकडे. ४० अंशांच्या पाण्यात पाच वेळा धुऊन सावलीत सपाट वाळवल्यावर लांबी ३ टक्क्यांहून अधिक आकसू नये आणि परतीचा जोर १५ टक्क्यांहून अधिक घटू नये. रंग घामाला पक्का. ओईको-टेक्स स्टँडर्ड १०० चे (अपायकारक रसायनांच्या तपासणीचे) दुसऱ्या वर्गाचे, म्हणजे त्वचेला लागणाऱ्या कपड्यांसाठीचे, प्रमाणपत्र. मांडीसाठी ८ मिलिमीटरची क्रोशेची पट्टी आणि तिच्या अंगावरच्या ताणावर परतीला ७० ग्रॅम. गटाचे नाव पट्टीत विणून घ्यायचा विचार आपण बोलून दाखवला आहे. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, ते होते, पण अक्षरांच्या जागी वीण बदलते आणि जोरही बदलतो, त्यामुळे आधी साधी पट्टी मार्गी लावावी.

तो तीन नमुने पाठवील. प्रत्येकाचा मीटरभर तुकडा तारीख घालून, न धुता, काळ्या पिशवीत बंद करून कपाटात ठेवावा. पुढचा माल आला की त्यातला आणि कपाटातला तुकडा एकाच काट्यावर, एकाच दिवशी ओढून पाहावा.