रत्नागिरीत जुन्या प्रीमियर पद्मिनीचा पत्रा पुट्टीऐवजी शिशाच्या सोल्डरने भरावा का?

भरा, पण आधी सडका पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करा. गंजावर सोल्डर धरत नाही. आपल्या खाऱ्या, दमट हवेत पुट्टी ओल शोषते, सोल्डर शोषत नाही. फायदा तोच.

७० टक्के शिसं, ३० टक्के कथील असलेली कांडी घ्या. १८३ अंश सेल्सियसला ती मऊ पडू लागते, पूर्ण पातळ व्हायला २५० च्या आसपास जावं लागतं. मधल्या टप्प्यात मेण लावलेल्या लाकडी पट्टीने लोण्यासारखी थापता येते. पत्र्याला फ्लक्स (सोल्डर धरावं म्हणून लावायचं अ‍ॅसिडयुक्त रसायन) लावून आधी कल्हई हवीच. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, नाहीतर राहिलेलं अ‍ॅसिड रंगाखाली फोड आणतं.

घासायला कानसच, ग्राइंडरने शिशाची विषारी धूळ उडते. आणि हे काम घराच्या पडवीत, पोरांच्या आसपास मुळीच नको. बॉनेटसारख्या मोठ्या सपाट भागावरही टाळा, उष्णतेने पत्रा वाकतो.