देखरेखीला पहिल्यांदा जाताय ना?

ताई, दिव्यांगांच्या निवासी संस्थेत देखरेखीला, म्हणजे तपासणीला, गेलात की ऑफिसातल्या चहाआधी खोल्यांमध्ये जा. मनगटांवर बांधून ठेवल्याचे वळ आहेत का बघा. व्हीलचेअरचा पट्टा तोल सांभाळायला आहे की माणसाने उठू नये म्हणून, ते विचारा. कुबड्या पलंगापासून लांब ठेवल्या असतील तर तेही बांधून ठेवणंच. रात्रपाळीला माणसं कमी म्हणून दिलेली झोपेची गोळीही त्यातच धरा. मला दोरीपेक्षा तिची जास्त भीती वाटते, तिचा वळ उठत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम ९७ पाठच करा. इजा अगदी समोर दिसतेय आणि दुसरा उपायच नाही, तेव्हाच बांधायचं. तेही त्या माणसावर उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपुरतं. शिक्षा म्हणून कधीच नाही. एकटं कोंडणं नाही. साखळीला तर कलम ९५ ची पूर्ण मनाई. ही कलमं मानसिक आजार असलेल्या माणसांसाठी आहेत, पण कसोटी म्हणून सगळीकडे लावा.

नोंदवहीत नुसतं 'आक्रमक झाला' लिहिलेलं चालवून घेऊ नका. त्याआधी काय घडलं? जळगावचा मे महिना, पंखा बंद, पोरगा अहिराणीत पाणी मागतोय आणि बाहेरून आलेल्या काळजीवाहकाला ते कळत नाही. पोरगा ताट भिरकावतो, मग त्याला बांधतात. तिथे पाण्याचा माठ हाताशी हवा आणि प्रत्येक पाळीला अहिराणी समजणारं कुणीतरी हवं, हे अहवालात स्पष्ट लिहा. कधी सोडलं, ती वेळ कोरी असेल तर त्याच दिवशी लेखी खुलासा मागा.